शेजाऱ्याचा तळपाय

एझ्राकाका न्यूमोनियाने आडवे झालेत, ही बातमी लोवेल रेप्लॉगलला शनिवारी दुपारी चर्चच्या पायऱ्यांवर कळली. तो मटकन खालीच बसला. पाळकबाई लोरेना गहिवरल्या. म्हाताऱ्यावर किती जीव आहे याचा, असं त्यांना वाटलं. जीव होताच. पण त्या क्षणी लोवेलच्या डोळ्यांपुढे एझ्राकाका नव्हते. त्यांची बाकावरची रिकामी जागा होती, आणि त्या जागेच्या पलीकडे ऑर्विल गार्स्ट होते.

सीडर रन गावच्या बंधुमंडळी चर्चमध्ये वर्षातून दोनदा प्रीतिभोजन असतं. पुरुष एका लांब टेबलाला बसतात, बायका दुसऱ्या. जेवणाआधी पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. टोकाचा माणूस कमरेला टॉवेल बांधतो, गुडघ्यावर बसतो, शेजाऱ्याचे पाय घमेल्यात धुतो, पुसतो. मग दोघे उभे राहून गालावर पवित्र चुंबन देतात, टॉवेल शेजाऱ्याच्या कमरेला जातो, आणि तो पुढच्याचे धुतो. असं करत टॉवेल दुसऱ्या टोकाला पोचला की जेवण. उकडलेलं गोमांस आणि त्याच्या रश्शात भिजवलेला पाव. हा पदार्थ दोनशे वर्षं तसाच बेचव राहिलाय, कारण मीठ वाढवायचं का यावर मंडळीत कधी एकमत झालेलं नाही.

बाकावरच्या जागा कोणी ठरवून दिलेल्या नव्हत्या, म्हणूनच त्या बदलता येत नव्हत्या. आधी लोवेल, मग नव्वदीला टेकलेले आणि डोळ्यांनी जवळपास आंधळे झालेले एझ्राकाका, मग ऑर्विलभाऊ, मग स्कूलबस चालवणारा गॅलन ब्रम्बॉ. लोवेल एझ्राकाकांचे पाय धुवायचा, एझ्राकाका चाचपडत ऑर्विलभाऊंचे. असं कितीतरी वर्षं सुखाने चाललं होतं. आता मधली वीट निघाली होती आणि दोन्ही भिंती एकमेकींवर येणार होत्या.

लोवेल आणि ऑर्विलभाऊ एकमेकांशी बोलत नसत. भांडण कुंपणाचं होतं. लोवेलच्या मेंढ्यांचं कुरण आणि ऑर्विलभाऊंचं मक्याचं शेत यांच्यामध्ये लोवेलने नवं कुंपण घातलं, तेव्हा ते वीतभर आपल्या हद्दीत आलंय असं ऑर्विलभाऊंचं म्हणणं पडलं. लोवेल म्हणाला, उलट आपणच वीतभर सोडलंय. मोजणीवाला आला, दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून बसला आणि शेवटी त्याने सांगितलं की ती वीतभर पट्टी दोघांचीही नाही, जुन्या गाडीवाटेची आहे, म्हणजे काउंटी सरकारची. इथे भांडण मिटायला हवं होतं. उलट ते कायमचं झालं, कारण आता कोणी जिंकण्याची शक्यताच उरली नव्हती. तेव्हा लोवेलची धाकटी मुलगी पाळण्यात होती. आता ती शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते, आणि मेंढ्या तिच्यापासून लांब राहतात.

प्रीतिभोजनाआधी मंडळीचे सेवक घरोघर येऊन विचारतात, सगळ्या बंधुभगिनींशी तुमचा समेट आहे ना? मनात अढी असेल तर टेबलाला बसायचं नाही, असा नियम. लोवेल दरवेळी सांगायचा, ऑर्विलभाऊंशी माझं एका शब्दाचंही भांडण नाही. ते खरंच होतं. शब्दच नव्हता. ऑर्विलभाऊही आपल्या घरी बसून हेच सांगायचे. सेवक दोन्हीकडे कॉफी पिऊन समाधानाने जायचे.

लोवेलने सुटकेचे सगळे मार्ग करून पाहिले. गॅलनला जागा बदलायला सांगितली. गॅलन म्हणाला, माझे वडील इथे बसले, आजोबा इथे बसले, मी पण इथेच बसणार. मग लोवेल स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बायकोला, ट्वायलाला, भेटला. पोटात दुखतंय असं सांगून घरी जाऊ का, असं त्याने विचारलं.

"पाय आहेत ते, साप नाहीत," ट्वायला मांसाचे तुकडे करता करता म्हणाली. "धू आणि मोकळा हो."

"आणि त्यांनी पुढेच केले नाहीत तर?"

"तर बुटांवर ओत पाणी. जा आता."

बाहेरच्यांना सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट इथे आहे. पाय धुण्याच्या दिवशी सगळे घरून पाय धुऊन येतात. नुसते धुऊन नाही, नखं कापून, टाचा घासून, नवे मोजे घालून. त्यामुळे त्या मंडळीत खराखुरा मळका पाय कोणी कधी पाहिलेला नाही. प्रभूने सांगितलेलं काम सगळे इतक्या मनापासून करतात की करायला काही शिल्लकच राहत नाही.

गाणं सुरू झालं. टॉवेल टेबलाच्या टोकाहून निघाला. तो एकच होता, कोणाच्या तरी पणजीने विणलेला, लांबलचक, सुती. एकेकाच्या कमरेवरून उतरत तो लोवेलपर्यंत आला. लोवेलचे पाय धुऊन झाले, चुंबन झालं, गाठ त्याच्या पोटावर बसली, आणि त्याने मान खाली घालून घमेलं ऑर्विलभाऊंपुढे सरकवलं.

ऑर्विलभाऊ त्याच्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सत्तरीचा, हाडापेराने मोठा माणूस. बायको, विल्मावहिनी, वारल्यापासून त्यांचा सदरा नेहमी एक बटण चुकून लागलेला असायचा. त्यांनी उजवा पाय बूट-मोज्यातून काढून पुढे केला, एखाद्या बँकेत कागद पुढे करावा तसा. पाय खडूसारखा पांढरा, कोरडा आणि नियमाप्रमाणे आधीच धुतलेला होता. लोवेलने त्यावर ओंजळभर पाणी घातलं, पुसला, बाजूला ठेवला. निम्मं काम झालं. त्याला वाटलं, एवढ्यासाठी आपण उगाच धास्तावलो.

डाव्या पायाचा मोजा निघेना.

त्याने हलकेच ओढलं. मग जरा जोरात ओढलं. मोजा निघताना ओला कागद फाटावा तसा आवाज झाला, आणि पेपरमिंटच्या मलमाच्या वासाखालून दुसरा एक वास वर आला. तो लोवेलला ओळखीचा होता. खूर सडलेल्या मेंढ्याला तो वास येतो.

अंगठा आणि शेजारचं बोट वांग्याच्या रंगाचं झालं होतं. लाली घोट्याच्या वर चढली होती. आणि तळव्यात, बोटांच्या मुळाशी, एक खिळा रुतला होता. कुंपणाची तार खांबाला ठोकतात तो, नालासारखा वाकवलेला, दोन टोकांचा. दोन्ही टोकं आत होती. वरची कमान तेवढी बाहेर दिसत होती.

लोवेलच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की ठोकलाय मात्र सरळ. मग त्याने पाय तसाच हातात धरून वर पाहिलं.

"ऑर्विलभाऊ," तो कुजबुजला, "हे काय आहे?"

घड्याळावरची नजर खाली आली नाही. "पाय आहे. धू."

"यात खिळा आहे."

"कशात?"

"तुमच्या तळव्यात."

ऑर्विलभाऊंनी यावर थोडा विचार केला. "मला तर काही जाणवत नाही," ते म्हणाले.

"तेच तर वाईट आहे."

"मग काढून टाक आणि पुढे चल. गॅलन थांबलाय."

गॅलन खरंच थांबला होता, दोन्ही पाय उघडे ठेवून, डोळे मिटून गात. लोवेलच्या आत्ता लक्षात आलं की मुलीच्या पाळण्यापासून ट्रॉम्बोनपर्यंतच्या काळातलं हे त्यांचं पहिलं संभाषण होतं, आणि ते बरंच बरं चाललं होतं.

त्याने खालच्या आवाजात सांगितलं की हे पुसून भागण्यातलं नाही, आत्ताच्या आत्ता इस्पितळात जायला हवं. ऑर्विलभाऊ म्हणाले, जेवल्यावर बघू. लोवेल म्हणाला, जेवेपर्यंत पाय राहायचा नाही. ऑर्विलभाऊ म्हणाले, माझा बाप एका बोटासाठी इस्पितळात गेला आणि एका पायावर घरी आला. मला शुगर आहे ते मला माहीत आहे. विल्मा रोज रात्री पाय बघायची, आता विल्मा नाही, मला वाकता येत नाही, विषय संपला. हे सगळं ते ओठ न हलवता बोलत होते, कारण ओठांनी गाण्याचं सोंग चालू होतं.

"आणि पायधुणीतून उठून गेलो तर लोक काय समजतील?" त्यांनी विचारलं.

लोक काय समजतील ते दोघांनाही पाठ होतं. त्या टेबलावरून मध्येच फक्त एकाच कारणाने उठतात, समोरच्याला क्षमा करता येत नाही म्हणून. मागे एकदा एक माणूस असा उठला होता. त्याच्या नातवंडांकडे अजून लोक जरा निरखून बघतात.

"मी सांगतो ना त्यांना खरं काय ते."

"एक शब्द बोललास तर बघ," ऑर्विलभाऊ म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांनी खाली पाहिलं. त्यांचे डोळे भ्यायलेल्या जनावरासारखे झाले होते. "उद्या सगळी मंडळी माझ्या दारात येईल. कोणी सूप आणेल, कोणी माझं शेत कसायला घेईल, आणि मग कोणीतरी म्हणेल, ऑर्विलभाऊंना आता घरी एकटं ठेवायला नको. मला म्हाताऱ्यांच्या घरात नेऊन टाकतील. प्रेमाने टाकतील. शपथ घे."

"आपल्यात शपथ घेत नाहीत."

"मग कबूल कर."

लोवेल म्हणाला, कबूल. आणि मग त्याने आयुष्यात रोज करत आलेली गोष्ट केली. मेंढा जागचा हलत नसेल तर त्याच्याशी वाद घालत नाहीत. एक हात छातीखालून घालतात, एक मागून, आणि उचलतात.

गाणं ओळीच्या मध्येच थांबलं. सीडर रनच्या सगळ्या मंडळीने पाहिलं ते असं: लोवेल रेप्लॉगल, कमरेला प्रभूचा टॉवेल, बगलेत एक अनवाणी म्हातारा, दाराकडे निघालाय, आणि म्हातारा त्याच्या पाठीत बुक्क्या घालतोय. बुक्क्या सोडल्या तर ऑर्विलभाऊ शांत होते. घमेलं लवंडलं. बायकांच्या टेबलावर ट्वायलाच्या हातातला डाव खाली पडला आणि बराच वेळ फरशीवर गरगरत राहिला.

"भावांनो," पाळकबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हातातलं गाण्यांचं पुस्तक मिटलं.

"आम्ही जरा बाहेर जाऊन येतो," लोवेल म्हणाला. त्यापेक्षा वाईट वाक्य शोधून सापडलं नसतं.

पिकअप इस्पितळाच्या रस्त्याला लागली. लोवेलने एकदा म्हाताऱ्याचे बूट मागच्या सीटवर आहेत का ते पाहिलं. निघताना ते आपण उचलले हे त्याला आठवत नव्हतं, पण ते होते. ऑर्विलभाऊ पाय डॅशबोर्डवर टेकवून बसले होते, आणि मावळतीच्या उजेडात ती खिळ्याची कमान चमकत होती. पिवळी.

लोवेलने गाडी जवळपास खड्ड्यात घातली.

तसले पिवळे खिळे अख्ख्या जिल्ह्यात एकाच माणसाकडे होते. एका लिलावात बादलीभर मिळाले म्हणून लोवेलने घेतले होते. रंग बघून लोक हसायचे. ती बादली तो कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबाला टांगून ठेवायचा. गेल्या महिन्यात वादळात ओकची मोठी फांदी पडून कुंपण आडवं झालं, तेव्हा लोवेल घरच्यांसह इंडियानाला लग्नाला गेला होता. परत येऊन बघतो तर फांदी कापून बाजूला रचलेली, तार ताणून ठोकलेली, सगळ्या मेंढ्या आत. हे ट्वायलाच्या भावाने, रॉडनीने केलं असणार असं सगळ्यांनी धरलं. लोवेलने फोन करून त्याचे आभार मानले. रॉडनी म्हणाला होता, अरे त्यात काय एवढं. ट्वायलाने त्याला भोपळ्याचा केक करून पाठवला होता.

"ऑर्विलभाऊ, कुंपण तुम्ही उभं केलंत?"

"तुला कोण वाटलं?"

"रॉडनी."

"रॉडनीला हातोडी कुठल्या टोकाला धरतात ते माहीत आहे का?" ऑर्विलभाऊ म्हणाले. "तुझ्या मेंढ्या माझ्या मक्यात होत्या. त्यातली ती काळ्या तोंडाची तर हरामखोर आहे. खिशाला भोक होतं, एखादा खिळा बुटात पडून मोज्यात शिरला असेल. कळलं नाही."

म्हणजे खिळा घेऊन हा माणूस महिनाभर चालत होता. मका काढला, चर्चला आला, पायऱ्या चढला. इतकी वर्षं लोवेल खिडकीतून त्या मक्याकडे बघून मनात जे जे म्हणत आला होता ते सगळं त्याला एकदम आठवलं, आणि त्यातलं बरंचसं त्याने सेवकांना कॉफी देताना सुद्धा मनातल्या मनात म्हटलं होतं.

"पण मग सांगितलं का नाही?"

"आपलं बोलणं नाही ना."

"बोलणं नाही आणि कुंपण उभारता?"

"शत्रूवर प्रीती करा असं प्रभूने सांगितलंय," ऑर्विलभाऊ जरा चिडून म्हणाले. "त्याच्याशी बोला असं कुठे सांगितलंय? दाखव मला."

लोवेलने गाडीचा वेग वाढवला.

इस्पितळात नर्सने विचारलं, तुम्ही यांचे कोण. लोवेल म्हणाला, शेजारी. ऑर्विलभाऊंनी दुरुस्ती केली की आमचं बोलणं नाही. नर्सने लोवेलच्या कमरेच्या टॉवेलकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

डॉक्टरबाई तरुण होती. तिने पाय साफ केला, खिळा काढून एका ट्रेमध्ये टाकला, तो टण्णकन वाजला, आणि ती काही वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सांगितलं की दोन बोटं जातील, ती आताच काढायला हवीत. आणखी थोडे दिवस गेले असते तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं, आणि कदाचित गुडघ्याच्या वरही. तिने हे इतक्या सहज सांगितलं की दोघांनाही समजायला वेळ लागला. ऑर्विलभाऊंनी चादर मुठीत धरली.

"यांचे पाय शेवटचे कोणी बघितले होते?" तिने विचारलं.

"एझ्राकाकांनी," लोवेल म्हणाला. "ईस्टरच्या आधी."

"त्यांना काही दिसलं नाही?"

"त्यांना डोळ्यांनी दिसत नाही."

डॉक्टरबाईने लोवेलकडे पाहिलं, ऑर्विलभाऊंकडे पाहिलं, पुन्हा लोवेलकडे. ती म्हणाली, शुगरच्या माणसाचे तळवे रोज बघायला हवेत. रोज. डोळे असलेल्या माणसाने. घरी असं कोण आहे? ऑर्विलभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. लोवेल ट्रेमधल्या खिळ्याकडे बघू लागला. ती तयारी करायला बाहेर गेली.

तेवढ्यात गॅलन आला. कोट घातलेला, बुटांत मोजे नाहीत, चेहरा पांढराफटक. पलंगावर बँडेज बांधलेले ऑर्विलभाऊ दिसले, तसा तो दारातच थबकला.

"लोवेल," तो हळूच म्हणाला, "पायावर मारलंस?"

"मी काही मारलं नाही."

"मग काय झालं?"

लोवेलने ऑर्विलभाऊंकडे पाहिलं. ऑर्विलभाऊंनी छताकडे पाहिलं. लोवेलने शब्द दिला होता, तेव्हा तो म्हणाला, "ते मला सांगता येत नाही."

गॅलन खुर्चीत कोसळला. त्याच्याकडून कळलं की चर्चमध्ये भयंकर अवस्था आहे. अर्धं टेबल बूट घालून बसलंय, अर्धं अनवाणी. टॉवेल गेल्यामुळे पुढे काही होईना. पाळकबाई म्हणाल्या, स्वयंपाकघरातला दुसरा घ्या. त्यावर जाणती मंडळी म्हणाली, घेऊ, पण कोणाच्या हातून? टॉवेल आधीच्याकडून येतो, कपाटातून येत नाही. मग पाळकबाई म्हणाल्या, निदान जेवून घ्या. तर म्हणे दोन भाऊ भांडून बाहेर गेलेत, तसं असताना भाकर कशी मोडायची? तेव्हा सगळे बसून गातायत. गाणी संपली, आता पहिल्यापासून पुन्हा चालू आहेत. रश्शातला पाव फुगून परातीच्या बाहेर आलाय. ट्वायला एका कोपऱ्यात बसून रडतेय, आणि लोवेलला टेबलावरून कायमचं उठवायचं का, यावर तीन माणसं हलक्या आवाजात बोलतायत.

"मला टॉवेल आणायला पाठवलंय," गॅलन म्हणाला. "आणि तू यांना जिवंत ठेवलंयस का ते बघायला."

लोवेलने कमरेची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. कायमचं म्हणजे ते टेबल, तो बाक, त्याच्या वडिलांची जागा. गुपित एका वाक्यात फोडलं असतं तर सगळं संपलं असतं. त्याने ते फोडलं नाही. गाठ मात्र सुटली.

"तो त्याला देऊ नकोस," ऑर्विलभाऊ पलंगावरून म्हणाले. "मधला मी आहे."

त्यांनी हात पुढे केला. लोवेलने टॉवेल त्यांच्या हातात दिला. मग एक अडचण निघाली. ऑर्विलभाऊंचा एकच पाय धुऊन झाला होता. दुसरा डॉक्टरबाईने धुतला होता, आणि ती मंडळीतली नव्हती, शिवाय तिने हातमोजे घातले होते. ते चालतं का? गॅलनच्या मते हे जाणत्या मंडळींना विचारायला हवं होतं. ऑर्विलभाऊ म्हणाले, धुतला तर धुतला, मला ऑपरेशनला जायचंय, पाय इकडे आण.

गॅलनने खुर्ची पलंगाला लावली आणि पाय वर घेतले. लोवेलने औषधं ठेवायची चपटी वाटी नळाखाली भरून आणली. ऑर्विलभाऊ आडवे पडल्या पडल्या, बँडेज बांधलेला पाय उशीवर ठेवून, गॅलनचे पाय धुऊ लागले. गॅलनला भयंकर गुदगुल्या होतात. तो ओठ दाबून रडल्यासारखा हसत होता. नर्स पडदा बाजूला करून आत आली, तिने हे पाहिलं, आणि पडदा लावून बाहेर गेली.

ऑर्विलभाऊंनी बोटांमधली जागासुद्धा पुसली. तळवे उजेडाकडे वळवून निरखून पाहिले, आधी एक, मग दुसरा. असं आजवर त्या मंडळीत कोणी कोणाचं केलं नव्हतं.

"तुझ्या टाचेला भेग आहे," ते म्हणाले. "दाखव कोणाला तरी." मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "आणि तिकडे जाऊन सांग, ऑर्विलचा पाय सडला होता. त्याला कळलं नाही. लोवेलने पाहिला आणि उचलून आणला. मी कोणाला सांगू नको म्हटलं, म्हणून तो गप्प आहे. असंच्या असं सांग."

गॅलनचं तोंड उघडंच राहिलं. "आणि तुमचं भांडण?"

"भांडण नाही."

"ते तुम्ही दरवर्षीच सांगता."

"दरवर्षी बोलत नव्हतो, म्हणून नव्हतं," ऑर्विलभाऊ म्हणाले. "आता बोलायला लागलोय. होईल कधीतरी. जा, पाव फुगतोय."

चुंबन देऊन गॅलन टॉवेल बांधूनच बाहेर पडला. पार्किंगमध्ये तो पळत जाताना दिसला.

खोलीत दोघेच उरले. बाहेर स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज येत होता. ऑर्विलभाऊंनी बटण चुकलेल्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

"आपलं एक राहिलंय," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "उरकून घे. ते न्यायला येतायत."

लोवेल वाकला. म्हाताऱ्याचा गाल वाळक्या कणसासारखा खरखरीत होता, पेपरमिंटच्या वासाचा, आणि ओला. लोवेलला धक्का बसला तो त्या ओलाव्याचा. खिळ्यापेक्षा जास्त.

"मी बघेन," तो म्हणाला.

"काय बघशील?"

"तळवे. तुम्हाला कुठे जावं लागणार नाही. मी येत जाईन."

"रोज?"

"ती रोज म्हणाली."

ऑर्विलभाऊंनी डोळे मिटून घेतले. चाकं दारात आली, माणसांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, आणि दारातून बाहेर पडता पडता ते म्हणाले, "पण बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

त्या हिवाळ्यात लोवेलच्या पिकअपचे ठसे त्याच्या अंगणातून ऑर्विलभाऊंच्या अंगणात रोज उमटत राहिले. सूप घेऊन लोक आलेच, त्याला इलाज नव्हता. शेत कसायचंही निघालं. पण म्हाताऱ्यांच्या घराचं नाव ज्याने काढलं त्याला पाळकबाईंनी थांबवलं. म्हणाल्या, त्यांच्याकडे बघायला माणूस आहे. रॉडनीने केकबद्दल काही खुलासा केला नाही. आठ बोटांचे ऑर्विलभाऊ त्याला चर्चमध्ये भेटले की नुसते त्याच्या बुटांकडे बघायचे.

संध्याकाळी लोवेल स्वयंपाकघरात यायचा, टोपी टेबलावर ठेवायचा, आधी दोन्ही बूट उलटे करून आपटायचा. पहिल्याच संध्याकाळी उजव्या बुटातून आणखी एक पिवळा खिळा पडला होता. तेव्हापासून बूट आपटल्याशिवाय तो खुर्चीत बसत नसे. मग तो चष्मा लावायचा.

"तो कोपऱ्यातला खांब," ऑर्विलभाऊ एकदा छताकडे बघत म्हणाले, "अजून वीतभर..."

"बोलायचं नाही ठरलंय, ऑर्विलभाऊ," लोवेल म्हणाला. "पाय वर करा."